कॅमेऱ्यातली ‘ऑटो’ लेव्हल : पार्श्वभूमी

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या आवाजाबद्दल तक्रारी मुख्यतः दोन. कोणी बोलत नसताना मागून सूंऽ असा आवाज येत राहतो, आणि कोणी अचानक जोरात बोललं की आवाज फाटतो. दोष माइकला दिला जातो. पण यातला बराचसा भाग टेपच्या काळातल्या एका निर्णयाकडे जातो : घरगुती कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगची लेव्हल, म्हणजे आवाज किती मोठा नोंदायचा हे, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचीच नाही.

बोलपटांच्या सुरुवातीला कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेराच जाड पेटीत बंद करत. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला जाई आणि त्याच्या मीटरवर एका माणसाची नजर असे. १९७३ मध्ये सुपर ८ फिल्मच्या कडेला आवाजाची चुंबकीय पट्टी आली. १९८३ पासून कॅमेरा आणि टेप रेकॉर्डर घरगुती ग्राहकासाठी एकाच डब्यात आले, आणि त्या डब्यामागे चित्र बघणारा एकच जण उरला. मीटरवरच्या माणसाची जागा एका सर्किटने घेतली, तीच ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, म्हणजे एजीसी. गेन म्हणजे येणारा सिग्नल किती पट वाढवायचा ते; हे सर्किट तो आपणच कमी-जास्त करतं.

ही कल्पना १९२० च्या दशकातल्या रेडिओची. जवळचं स्टेशन ढणढणाट करतं, लांबचं ऐकू येत नाही, त्यांना एका पातळीवर आणण्यासाठी ती निघाली. तिथे ती छान चालते, कारण रेडिओत गेन ठरतो तो वाहक लहरीच्या, म्हणजे आवाज ज्या रेडिओ लहरीवर बसून येतो तिच्या, ताकदीवरून. निवेदक थांबला तरी ती लहर चालूच असते. कॅमेऱ्यात मात्र गेन थेट बोलण्यावरूनच ठरतो. वक्ता वाक्य संपवून थांबतो. सर्किटला वाटतं आवाज कमी पडतोय, ते गेन हळूहळू चढवत नेतं, आणि पंखा, एसी, लांबची वाहतूक पुढे सरकत येते. वक्ता पुन्हा तोंड उघडतो, तेव्हा पहिलं अक्षर चढलेल्या गेनवर आपटतं आणि सर्किट झटकन गेन पाडतं. टाळ्या पडल्या तर आणखी वाईट : गेन खाली जातो तो लगेच वर येत नाही, आणि टाळ्यांनंतरचे दोन-चार शब्द गिळले जातात.

व्हीएचएसच्या काळात हे फारसं कोणाला टोचलं नाही. टेपच्या कडेची अरुंद आवाजपट्टी इतकी खरखरीत होती की गेनचा चढउतार तिच्यातच बुडून जाई. १९८५ च्या व्हिडिओ ८ या छोट्या टेपच्या प्रकारात आवाज फिरत्या हेडने चित्रासोबतच एफएम पद्धतीने नोंदला जाऊ लागला. खरखर घटली आणि मागचा चढउतार उघडा पडला.

१९९५ मध्ये डीव्ही, म्हणजे घरगुती डिजिटल टेप, आली आणि लेव्हल ऑटो असावी की हातची हा वाद खरा पेटला. ॲनालॉग टेपवर लेव्हल थोडी जास्त गेली तर आवाज जरा जाड होतो, एवढंच. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही भिंत असते. त्यावर गेलेल्या लहरीचं टोक सपाट कापलं जातं आणि ते परत मिळत नाही. म्हणून बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची सवय डीव्हीवाल्यांनी लावून घेतली. पण ज्या कॅमेऱ्यात मीटरही नाही आणि नॉबही नाही, तिथे ही सवय कशी पाळायची? उत्पादकांची बाजू अशी की घरच्या समारंभात मीटर कोणी बघत नाही. फाटलेला आवाज वाया जातो, थोडी सूं चालून जाते. हे पटण्यासारखं आहे. पण त्यावरून ऑटो हा पर्याय असावा एवढंच सिद्ध होतं, दुसरा पर्याय का नसावा हे नाही. हातची लेव्हल महागड्या मॉडेलसाठी राखून ठेवली जाते, ही शंका तेव्हापासूनची आहे आणि ती निराधार वाटत नाही.

२००८ मध्ये डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे फोटोचे कॅमेरे, व्हिडिओ घेऊ लागले, तेव्हा तेच नाटक पुन्हा झालं. कॅननच्या ‘फाइव्ह डी मार्क टू’चं चित्र सिनेमाच्या तोडीचं, आणि आवाज फक्त ऑटोवर. लोकांनी तोड काढली ती अशी : स्टिरिओच्या डाव्या-उजव्या चॅनलपैकी एकात सतत एक मोठा, पण कानाला जेमतेम जाणवणारा तीक्ष्ण स्वर सोडायचा. एजीसी त्याला दबून दोन्ही चॅनलचा गेन खालीच ठेवतं, आणि खरं बोलणं दुसऱ्या चॅनलवर स्थिर येतं. नंतर स्वराचा चॅनल फेकून द्यायचा. स्टिरिओ अर्थातच गेला. बाहेरच्या हौशी प्रोग्रामरांनी तर २००९ मध्ये स्वतःचं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) लिहून लेव्हल हातात घेतली. अधिकृत सोय मार्च २०१० मध्ये फर्मवेअरमधूनच आली. पहिली आवृत्ती आवाजातल्याच दोषामुळे मागे घ्यावी लागली आणि काही दिवसांत दुसरी निघाली. सॉफ्टवेअर बदलून जी गोष्ट देता येते, ती आधी दीड वर्ष का दिली नव्हती, याचं समाधानकारक उत्तर कधी मिळालं नाही.

लेव्हल हातात आल्यावर दुसरी अडचण दिसली : कॅमेऱ्यातला प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारा भाग. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, तो वर उचलताना स्वस्त प्रीॲम्प स्वतःची सूं मिसळतो. त्यामुळे बाहेरच्या चांगल्या प्रीॲम्पने किंवा तगडा सिग्नल देणाऱ्या माइकने आवाज आधीच चढवायचा आणि कॅमेऱ्याचा गेन जवळजवळ तळाला ठेवायचा, ही पद्धत रुळली. वाऱ्याचं दुखणं वेगळं. लो-कट फिल्टर खालचा गडगडाट कापतो, पण माइकची कॅप्सूलच, म्हणजे आवाज झेलणारा आतला भागच, वाऱ्याने भरडली गेली असेल तर पुढे कापून उपयोग नाही. तिथे माइकवर केसाळ आवरणच लागतं.

२०१९ च्या सुमारास छोट्या रेकॉर्डरमध्ये ३२-बिट फ्लोट ही आवाज नोंदायची डिजिटल पद्धत आली. यात दोन वेगवेगळ्या गेनवर चालणारे, सिग्नलचे आकडे करणारे कन्व्हर्टर जोडून इतका मोठा पल्ला मिळतो की लेव्हल नंतर ठरवली तरी चालते. लेव्हलचा वाद संपला असं म्हणणारे तेव्हापासून वाढले आहेत. गोंगाटाचा वाद मात्र संपलेला नाही, कारण माइकपर्यंत जो पंखा पोहोचला तो फाइलमध्येही पोहोचतो. आवाज माइकमध्येच फाटला असेल तर बिट वाढवून तो जुळत नाही. २०२४ मध्ये एका मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात ३२-बिट फ्लोटची सोय आली, तीही व्यावसायिक माइक जोडण्याचा वेगळा एक्सएलआर ॲडॉप्टर लावला तरच. त्या कॅमेऱ्याच्या अंगच्या ३.५ मिमी जॅकला ती नव्हती.