रूपक (अलंकार)

उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) एकच आहेत असे मानून केलेले वर्णन म्हणजे रूपक. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या चार अलंकारांपैकी हा एक. उरलेले तीन उपमा, दीपक आणि यमक. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी त्याला भेद झाकलेली उपमाच म्हणतो. हा अभेद मानलेला असतो. मुख चंद्र नाही, हे कवीला ठाऊक असते. मुखालाच चंद्र समजून चकोर धावला, तर तो भ्रांतिमान अलंकार.

'सारखा', 'सम', 'परी' आले की उपमा आणि 'जणू', 'गमे', 'भासे' आले की उत्प्रेक्षा, एवढ्यावर शाळेत काम भागते. अडते ते सामासिक शब्दापाशी. 'चरणकमळ' हा समास उपमेचा की रूपकाचा, हे एकट्या शब्दावरून सांगता येत नाही. क्रियापद किंवा विशेषण कोणाला लागू पडते ते पाहावे लागते. 'चरणकमळी पैंजण वाजती' यात पैंजण पायातच शोभतात, म्हणून चरण प्रधान आणि अलंकार उपमा. 'चरणकमळी मनभ्रमर गुंगला' यात भुंगा कमळाकडेच जाणार, म्हणून रूपक. गुण दोन्हींना लागू पडत असेल, तर निर्णय संदिग्धच राहतो.

रूपकाचे निरंग, सांग आणि परंपरित असे प्रकार करतात. निरंगात एकच आरोप, म्हणजे उपमेयावर उपमानाचे रूप लादणे, असतो. परंपरितात एक रूपक दुसऱ्याचे कारण होते: अज्ञान अंधार ठरले म्हणून गुरू सूर्य. सांगरूपकात अवयवांवरही आरोप होतात. मराठीत त्याचा नमुना ज्ञानेश्वरीच्या (1290) आरंभीच सापडतो. तेथे शब्दब्रह्म हाच गणेश: अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक, सहा दर्शने हे हात, तर्क परशू, वेदांत मोदक. खंडित बौद्धमत हा हातातला मोडका दात. मूर्तीतले व्यंगही येथे वाया गेलेले नाही.

अवयव जुळवता जुळवता उपमान मध्येच बदलले, की सांगरूपक फसते. जीवनाची नौका वादळात सापडली आणि पुढच्याच ओळीत तिला पालवी फुटली, तर वाचक ना समुद्रावर राहतो ना बागेत पोचतो. उपमेय पूर्ण गिळून नुसते उपमानच सांगितले, तर ती अतिशयोक्ती होते. 'डोंगराचा माथा', 'नदीचे मुख' हे प्रयोग इतके रुळले आहेत की त्यांत अलंकार शोधू नये. ती रूढ लक्षणा, म्हणजे वापराने पक्का झालेला लाक्षणिक अर्थ.

नाट्यप्रकार या अर्थाचे 'रूपक' आणि सात मात्रांचा रूपक ताल यांचा या अलंकाराशी घोटाळा करू नये.