वितळलेलं इंधन काँक्रीटवर पडतं तेव्हा

अणुभट्टीचा अपघात म्हटलं की सगळे रेडिएशनबद्दल बोलतात, खालच्या काँक्रीटबद्दल फारसं कुणी नाही. पण भट्टीचं पोलादी भांडं फुटलं की पुढे काय होणार हे बरंचसं त्या काँक्रीटवर ठरतं.

भट्टी बंद केली तरी इंधन लगेच गार होत नाही, बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या 6-7 टक्के उष्णता निघतच असते आणि दिवसानंतरही साधारण अर्धा टक्का उरते. पाणी पोचलं नाही तर इंधन, ते ज्यांत भरलेलं असतं त्या झिर्कोनियम धातूच्या नळ्या, पोलाद सगळं वितळून एकत्र होतं, त्याला कोरियम म्हणतात, तापमान 2000 अंशांच्या वर.

आता काँक्रीट वरून कितीही कोरडं दिसलं तरी आत पाणी असतंच. 100 अंशांच्या आसपास मोकळं पाणी उडतं, 400-500 ला सिमेंटमध्ये रासायनिक बांधलेलं पाणी सुटतं, खडी चुनखडीची असेल तर 700-900 ला कार्बन डायऑक्साइडही निघतो, आणि 1100-1300 च्या दरम्यान काँक्रीटच वितळायला लागतं. ही वाफ कोरियममधून बुडबुडत वर येते, झिर्कोनियमशी तिची रिॲक्शन होऊन हायड्रोजन तयार होतो. म्हणजे जमीन पोखरली जातेच, वर स्फोटाचा धोकाही वाढतो!

पण वितळलेलं काँक्रीट कोरियममध्ये मिसळून त्याला पातळही करतं. 1986 च्या अपघातात चेर्नोबिलच्या भट्टीखालच्या मार्गिकेत थिजलेला कोरियमचा तो प्रसिद्ध गोळा, 'हत्तीचा पाय', पाहा, त्यात युरेनियमपेक्षा सिलिका (वाळूतला मुख्य घटक) कितीतरी जास्त आहे.

जपानमधल्या फुकुशिमाचं मला जास्त विशेष वाटतं. 2011 च्या अपघातानंतर 2023 मध्ये रोबोट पहिल्या युनिटच्या भांड्याखाली गेला, तर आधाराच्या गोल भिंतीचं आतलं काँक्रीट गायब आणि सळया मात्र तशाच उभ्या! पोलाद 1500 च्या आसपास वितळतं, काँक्रीट त्याआधीच, त्यामुळे तिथे उष्णता प्रचंड नसून मध्यम पण बराच वेळ टिकलेली असावी असं मला वाटतं. आणि त्या भांड्याचं वजन अजून त्याच भिंतीवर आहे, म्हणून हे फोटो गंभीर आहेत.

आपल्याकडे जैतापूरला प्रस्तावित असलेल्या ईपीआर (युरोपियन प्रेशराइज्ड रिॲक्टर) भट्ट्यांच्या डिझाइनमध्ये काँक्रीट वितळून कोरियम पातळ होण्याचाच उपयोग करून घेतलाय. भांड्याखाली मुद्दाम वितळून जाण्यासाठीच काँक्रीटचा थर असतो, तो कोरियममध्ये मिसळला की मिश्रण पातळ होतं, मग ते वाहत बाजूच्या 170 चौरस मीटरच्या जागेत पसरतं आणि तिथे वरून-खालून पाण्याने थंड करतात.