गाठ, जखम आणि तुकड्याची तपासणी : कॅन्सरविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या लॅबच्या काउंटरवर एक मागणी वारंवार येते : "कॅन्सर आहे का ते बघायचंय, रक्त घ्या." घरात कुणाला तरी हा आजार निघालेला असतो, गालाच्या आत काहीतरी खुपत असतं, नाहीतर मोबाइलवर एखाद्या पॅकेजची जाहिरात पाहिलेली असते. अशा वेळी आम्ही लगेच सुई हातात घेत नाही. त्रास काय आहे, कुठे आहे आणि किती दिवसांपासून आहे, हे आधी विचारतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. ती का नाही, हे सांगण्यासाठी हे पत्रक छापलं आहे.

आपल्या देशात सर्वांत जास्त आढळणारे तीन कॅन्सर म्हणजे स्तनाचा, तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांच्या वर नवे रुग्ण सापडतात आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश या तीन प्रकारांचे असतात. यांतला एकही रक्त तपासून ओळखता येत नाही. तोंडाचा डोळ्यांना दिसतो, स्तनाचा बऱ्याचदा हाताला लागतो, गर्भाशयमुखाचा साध्या तपासणीत सापडतो. खात्री होते ती तिथला छोटा तुकडा किंवा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून.

रक्तात काय कळतं, काय कळत नाही

सीए १२५, सीईए, सीए १९-९ अशा नावांच्या तपासण्यांना ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांचं मोजमाप, म्हणतात. 'कॅन्सर पॅकेज' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुधा याच असतात. सीए १२५ हा आकडा अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतो खरा, पण तो पोटाच्या टीबीत वाढतो, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) वाढतो, पाळीच्या दिवसांतही थोडा वाढू शकतो. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मुळातच जास्त असतो. म्हणजे आकडा वाढला म्हणून कॅन्सर आहेच असं नाही. उलट बाजू जास्त घातक : सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हे आकडे अनेकदा नॉर्मल असतात. 'नॉर्मल' असा कागद हातात पडला की माणूस निर्धास्त होतो आणि तोंडातली जखम तशीच राहते.

मार्करचा खरा उपयोग निदान झाल्यानंतर, उपचार लागू पडताहेत का हे पाहायला होतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल तर आम्ही ही तपासणी नक्की करतो. धडधाकट माणसाला 'कॅन्सर पॅकेज' म्हणून ती विकत नाही. पुरुषांच्या प्रोस्टेटसाठीची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीची) पीएसए ही रक्ताची तपासणीही वय आणि लघवीचा त्रास पाहून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी, कारण प्रोस्टेट नुसती वाढली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तरी तो आकडा चढतो.

एक अपवाद आहे, रक्ताचा कॅन्सर. तिथे साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, बऱ्याचदा पहिला इशारा मिळतो. पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या, प्लेटलेट घसरलेल्या आणि काचपट्टीवर कोवळ्या, अपक्व पेशी. सतत ताप, अंगावर विनाकारण निळे-काळे डाग, हिरड्यांतून रक्त, मूल फिकट पडत जाणं, अशी लक्षणं असतील तर ही तपासणी लांबवू नका. असा रिपोर्ट दिसला की आम्ही संध्याकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करतो. लहान मुलांमध्ये जो प्रकार जास्त दिसतो, त्यातली बहुतांश मुलं पूर्ण उपचारांनी बरी होतात. मोठ्यांमधल्या एका प्रकारावर इमॅटिनिबची रोजची गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात.

तोंड : आरशासमोर दोन मिनिटं

तंबाखू-चुना, गुटखा, मावा, खर्रा, मशेरी यांपैकी काहीही सुरू असेल किंवा पूर्वी होतं, तर हा भाग नीट वाचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी एकत्र केली की तेच मिश्रण तयार होतं. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की कितीतरी आज्या, मावश्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण मशेरी ही त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू असते. म्हणून आम्ही तिचं नाव घेऊन वेगळं विचारतो. तुम्हीही घरात तसंच विचारा.

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. कवळी असेल तर काढून ठेवा. गाल बोटाने बाजूला ओढून आतली बाजू पाहा, ओठ उलटा करा, जीभ वर उचलून खालची जागा पाहा, मग जीभ दोन्ही बाजूंना वळवा. तंबाखूची गोळी जिथे धरता ती जागा सर्वांत आधी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), कडा उचललेली किंवा हाताला कडक लागणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेत न दुखणारी गाठ, यांतलं काहीही दिसलं तर दाखवा. तीन बोटं एकावर एक, उभी तोंडात जातात का तेही पाहा. जात नसतील आणि साधी आमटीही झोंबत असेल, तर गालाची आतली त्वचा आखडायला लागली आहे. तो अजून कॅन्सर नसतो, पण तिथे तो होण्याचा धोका बराच वाढलेला असतो आणि सुपारी सुटल्याशिवाय कुठल्याही औषधाचा खरा उपयोग होत नाही.

दाताची टोकदार कड लागून झालेली जखम, कड घासून घेतल्यावर भरून येते. त्यासाठी दोन आठवडे थांबा, फार तर तीन. त्यानंतरही ती तशीच असेल तर जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर आणखी दिवस घालवू नका. तुकडा तपासायला द्या. आमच्याकडे उशिरा आलेल्या रुग्णांचे बहुतेक महिने याच जेलमध्ये गेलेले असतात, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

स्तन आणि गर्भाशयमुख

स्तनातली कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही. "दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. गाठ, काखेतली गाठ, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित पाणी, संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली त्वचा, ही लक्षणं वयाकडे न पाहता तपासून घ्या. तरुण मुलींमधल्या बऱ्याचशा गाठी साध्या असतात, पण गाठ साधी आहे हे डॉक्टरांच्या हाताने, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीने (स्तनाच्या एक्स-रेने) आणि गरज पडल्यास सुईच्या तपासणीने ठरतं. घरच्यांनी किंवा शेजारणीने ते ठरवू नये. आईला, बहिणीला किंवा मावशीला कमी वयात हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, क्वचित, पण होतो.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गातून होतो. सुरुवातीला काही त्रास नसतो. पुढे दुर्गंधी असलेलं पांढरं पाणी, संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला तर 'पाळी परत आली' असं समजू नका. पाळी अशी परत येत नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर वर्षानुवर्षं केलेला एक अभ्यास आम्ही सर्वांना सांगतो, कारण त्यात महागडं यंत्र एकही नव्हतं. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासले आणि गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहिलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यूही जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन पाहणं) आणि एचपीव्हीची तपासणी खासगीतही होते. मुलींसाठी ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस घेणं सर्वांत उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस २०२२ मध्ये मंजूर झाली आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला किंवा थुंकीतून रक्त आलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण थुंकीत जंतू सापडले नसताना टीबीची औषधं सुरू असतील आणि महिन्या-दोन महिन्यांत फरक नसेल, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा विचार झाला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच असं धरून चालू नका, विशेषतः शौचाची सवय बदलली असेल आणि हिमोग्लोबिन उतरत असेल तर. घास अडकायला लागला, आधी भाकरी आणि मग भातही, तर दुर्बिणीची तपासणी लगेच हवी.

"सुई लावली की गाठ पसरते"

ही भीती आम्हाला रोज भेटते. तोंडातल्या जखमेचा तुकडा काढल्याने किंवा स्तनाच्या गाठीत सुई घातल्याने कॅन्सर भडकत नाही. लोकांना तसं वाटतं, कारण रुग्ण आधीच उशिरा आलेला असतो, तपासणीनंतरही उपचारांत महिने जातात आणि रोग आपल्या गतीने वाढत राहतो. दोष मात्र सुईला मिळतो. काही गाठींत, उदाहरणार्थ वृषणाच्या किंवा अंडाशयाच्या, डॉक्टर स्वतःच सहसा सुई न घालता शस्त्रक्रिया करून तपासणीला पाठवतात. हा निर्णय त्यांच्यावर सोडा.

तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हाती दिली जाते. तिच्यात फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रव, असतं. ते ओतून टाकू नका, पाणी घालू नका, बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि घरी न नेता थेट लॅबमध्ये आणा. तुकडा पाण्यात किंवा सलाइनमध्ये राहिला तर पेशी सडतात आणि पुन्हा तुकडा काढावा लागतो. बाटलीवरचं नाव आणि कुठल्या बाजूचा तुकडा, उजवा की डावा, हे तिथेच वाचून घ्या. आमच्याकडे तो रात्रभर अल्कोहोल आणि इतर रसायनांतून जातो, मेणात बसवला जातो, मग केसापेक्षा कितीतरी पातळ चकत्या कापून रंगवल्या जातात. म्हणून रिपोर्टला तीन ते पाच दिवस लागतात. हाड असेल किंवा विशेष तपासणी लागली तर जास्त. "अर्जंट करा" म्हटल्याने हे टप्पे गाळता येत नाहीत.

रिपोर्टमधल्या ग्रेड आणि स्टेज या शब्दांनी फार गोंधळ होतो. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरला आहे. ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. तुकड्याच्या रिपोर्टवरून स्टेज सांगा असा आग्रह धरू नका. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि स्कॅन लागतात.

उपचार आणि खर्च

तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा आधी शस्त्रक्रिया होते, गरजेनुसार नंतर रेडिएशन आणि केमो. रेडिएशन साधारण आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. त्याआधी खराब दातांचा निकाल लावून घ्यावा, कारण नंतर दात काढला तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला शस्त्रक्रिया पुरते, पुढच्या टप्प्यात रेडिएशन आणि सोबत केमो. स्तनाच्या गाठीत ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) या तुकड्यावरच्या तपासण्यांवरून औषधं ठरतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून ती मधेच बंद करू नका. केमोत गेलेले केस बहुतेकांना परत येतात. यंत्राने बाहेरून रेडिएशन घेणाऱ्या माणसाजवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने कुणालाही काही होत नाही. सुरू असलेले उपचार सोडून जडीबुटीच्या मागे जाऊ नका. सोबत काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिन्ही येतात. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन आधी त्यांना भेटा, मग पैसे भरायचे की नाही ते ठरवा. परळला जाणं प्रत्येकालाच जमत नाही आणि दर वेळी गरजेचंही नसतं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय ग्रामीण भागासाठीच उभं राहिलं आहे, आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही मोठी केंद्रं आहेत. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारी मोफत क्रमांक : १८००-११-२३५६.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊन भागत नाही. तिथले डॉक्टर स्लाइड (रंगवलेल्या चकत्यांच्या काचपट्ट्या) आणि मेणाचा ब्लॉक (तुकडा बसवलेलं मेण) मागतात. दोन्ही आम्ही जपून ठेवलेले असतात. आदल्या दिवशी फोन करा आणि येताना रिपोर्टची प्रत व ओळखपत्र आणा. सही घेऊन ते तुमच्या हाती देतो. प्रवासात ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड दिलेल्या डबीतच राहू द्या आणि दुसऱ्या रुग्णालयातून ब्लॉक परत मागून घ्या, कारण पुढे नवीन औषधासाठी त्याच ब्लॉकवर आणखी तपासण्या कराव्या लागू शकतात.