बाळंतिणीला झोप लागते का?

"बाळंतिणीला रडू यायचंच," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणारे डोळे बहुधा दोन आठवड्यांत कोरडे होतात. नाही झाले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर डिंकाचे लाडू चालत नाहीत. अंगारा तर नाहीच नाही.

पण ओळखायचा कसा? झोप उडणं, भूक मरणं, अंगात त्राण नसणं, ही नैराश्याची नेहमीची लक्षणं. टाके ओढताहेत आणि दर दोन तासांनी पाजायला उठायचंय, अशा बाईला यातलं काय नसतं? 1987 साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 10 प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली काढली, तेव्हा शरीराच्या तक्रारी त्यांनी मुद्दाम वगळल्या. झोपेचा एकच प्रश्न ठेवला, आणि तोही असा: मन इतकं खिन्न असतं का, की त्यामुळे झोप लागत नाही? म्हणजे बाळ गाढ झोपलंय, घर सामसूम आहे आणि आई पंख्याकडे बघत पडलीय. मला या प्रश्नाचं फार कौतुक वाटतं.

प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 30. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. समजा 100 बाळंतिणींपैकी 15 जणी आजारी आहेत. चाळणीने त्यातल्या 13 अडवल्या आणि उरलेल्या 85 निरोगींपैकीही 13 अडकल्या. म्हणजे अडकलेल्या 26 पैकी निम्म्या ठणठणीत! म्हणून पुढे बोलणारा जाणकार हवाच. नुसता कागद भरून घेणं फुकट. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 'नाही' सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी मदत मिळायला हवी. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.

गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातल्या मातांचा विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे, यांचा त्यात वाटा होता. आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. तेव्हा बारशाची वाट कशाला बघायची? धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला येते, त्या दिवशीच विचारता येईल.