ट्विस्ट आधीच ओळखणाऱ्यांचं गणित

एक तरुण एका भव्य करमणूक उद्यानात पहिल्यांदाच दाखल होतो. स्वागताला आलेली यंत्रमानव तरुणी त्याला कपडे निवडायला सांगते, टोपी निवडायला सांगते. या सगळ्यात मागे कुठेतरी उद्यानाचं बोधचिन्ह क्षणभर दिसून जातं. बहुतेकांचं तिकडे लक्षही गेलं नाही. काहींनी मात्र तिथेच चित्र थांबवलं आणि नियंत्रण कक्षाच्या दृश्यांमधलं बोधचिन्ह शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही वेगळी होती. ही गोष्ट २०१६ सालची, ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेचा पहिला सीझन सुरू असतानाची. (त्या सीझनचं रहस्य पुढच्याच परिच्छेदात येतंय. मालिका पाहायची राहिली असेल तर आधी ती पाहा, लेख नंतर वाचला तरी चालेल.)

बोधचिन्ह बदललं होतं, कारण मधे तीसेक वर्षं उलटली होती. विल्यम नावाचा तो भिडस्त, सरळमार्गी तरुण आणि त्याच उद्यानात क्रूरपणे हिंडणारा काळ्या पोशाखातला म्हातारा ही एकाच माणसाची दोन वयं होती. मालिकेने हे दहाव्या, म्हणजे शेवटच्या भागात उघड केलं. चाहत्यांनी विल्यम पडद्यावर आल्यानंतर थोड्याच दिवसांत ते ताडलं होतं. हे रहस्य लपवण्याची युक्ती अतिशय सुंदर होती. पडद्यावर किती काळ गेला हे आपण चेहऱ्यांवरून ओळखतो. केस पांढरे झाले, सुरकुत्या आल्या, की वर्षं गेली. पण या उद्यानातली मुख्य पात्रं यंत्रमानव आहेत आणि त्यांचं वय वाढत नाही. डोलोरेस विल्यमसोबत जशी दिसते तशीच म्हाताऱ्यासमोर दिसते. एकापाठोपाठ एक दाखवलेली दृश्यं एकाच काळातली असणार, हे आपण न सांगता गृहीत धरतो. लेखकांनी नेमकं तेच गृहीतक वापरलं.

चाहते नुसती कल्पना मांडून थांबले नाहीत, आणि मला त्यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. दोन काळांची थिअरी खरी असेल तर पुढे काय काय दिसायला हवं आणि काय अजिबात दिसता कामा नये, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. विल्यम आणि म्हातारा कधीही समोरासमोर येणार नाहीत. उद्यानाचे आजचे कर्मचारी विल्यमच्या प्रसंगांत दिसणार नाहीत. मग दर आठवड्याला नवा भाग याच कसोट्या लावून पाहिला गेला. एका दृश्यात जरी ते दोघे एकत्र दिसले असते तरी थिअरी तिथेच संपली असती.

एडमंड हॅली यांनी याहून वेगळं काही केलं नव्हतं. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेले तीन धूमकेतू वस्तुतः एकच आहेत, असं त्यांनी १७०५ मध्ये मांडलं आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल असं सांगितलं. हॅली १७४२ मध्ये गेले. धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरात, २५ तारखेला, पालिच नावाच्या एका जर्मन शेतकऱ्याला त्याच्या दुर्बिणीतून दिसला. वेगवेगळ्या काळांत दिसलेल्या गोष्टी एकच आहेत हे ओळखायचं आणि पुढची तारीख सांगून ते पणाला लावायचं, हा तर्क दोन्हीकडे सारखाच आहे.

आता प्रश्न असा, की पडद्यावरच्या एखाद्या खुणेला किती वजन द्यायचं? इथे थॉमस बेज या धर्मोपदेशकाचं गणित कामाला येतं. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूत्र बाजूला ठेवू आणि सरळ माणसं मोजू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत.

समजा, एखाद्या मालिकेतलं एक पात्र छुपा यंत्रमानव आहे असा तुम्हाला संशय आहे. अशा मालिकांमधली असली १०० संशयास्पद पात्रं गोळा केली तर त्यांतली १० खरोखर यंत्रमानव निघतात आणि ९० साधी माणसं, असं धरू. आता पहिली खूण: सहा भाग झाले, हे पात्र एकदाही खाताना दिसलेलं नाही. दहा यंत्रमानवांपैकी नऊ असे असतील. पण माणसांचं काय? पडद्यावर कोण जेवत बसतं? कथेला गरज नसेल तर कुणीच नाही. म्हणून ९० माणसांपैकीही २७ जण सहा भागांत एकदाही खाताना दिसत नाहीत असं धरू. म्हणजे ही खूण एकूण ३६ पात्रांमध्ये सापडली आणि त्यांतली यंत्रमानव फक्त ९. तुमचा संशय १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेला. वाढला खरा, पण अजून चारांत एक इतकाच.

दुसरी खूण: त्या पात्राला खोल जखम झाली आणि रक्त आलं नाही. उरलेल्या नऊ यंत्रमानवांपैकी आठांच्या बाबतीत हे घडेल. सत्तावीस माणसांपैकी फार तर एकाच्या, तेही कॅमेऱ्याचा कोन तसा असला म्हणून. आता उरली नऊ पात्रं, त्यांतली आठ यंत्रमानव. संशय एका फटक्यात ८९ टक्क्यांवर.

या दोन खुणा शेजारी ठेवून पाहा. तुमच्या थिअरीशी दोन्ही जवळजवळ सारख्याच जुळतात: पहिली दहांत नऊ वेळा, दुसरी नवांत आठ वेळा. तरीही पहिलीने संशय थोडासाच हलवला आणि दुसरीने निकाल जवळजवळ लावला. फरक आहे तो विरुद्ध बाजूला. माणसांमध्ये पहिली खूण सर्रास आढळते, दुसरी क्वचितच. म्हणून पुराव्याची ताकद तो आपल्या कल्पनेशी किती जुळतो यावरून मोजू नये. कल्पना खोटी असती तर हा पुरावा दिसणं किती अवघड होतं, हे पाहायला हवं. बोधचिन्हाच्या खुणेचं वजन इथेच होतं. दोन्ही दृश्यं एकाच काळातली असती तर दोन वेगळी चिन्हं काढून लावायचे कष्ट कला विभागाने का घेतले असते?

हे वजन नीट न केल्यावर काय होतं ते २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’च्या वेळी दिसलं. एकूण नऊ भाग. पहिल्या काही भागांतच अनेकांची खात्री पटली की सगळ्यामागे मेफिस्टो हा सैतानी खलनायक आहे. दुसऱ्या भागात सैतानाचा उल्लेख असलेला एक संवाद होता, आणि मग प्रत्येक भागात त्याच्या खुणा दिसू लागल्या. शेवटच्या भागापर्यंत मेफिस्टो आला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे कित्येक तपशील होते. सैतान मनात धरून पाहिलं की तो सगळीकडे दिसतो. असंबद्ध गोष्टींमध्ये अर्थपूर्ण नातं दिसू लागण्याच्या या प्रवृत्तीला क्लाउस कॉनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये ‘अ‍ॅपोफेनिया’ असं नाव दिलं. त्यांचे रुग्ण मनोविकाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात होते. पण या प्रवृत्तीचं सौम्य रूप आपल्या सगळ्यांमध्ये असतं.

तिला जोड मिळते आणखी एका सवयीची. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि त्यामागचा नियम शोधायला सांगितलं. लोक आपापले तीन आकडे सुचवत, वेसन ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढंच सांगत. बहुतेकांच्या मनात आलं, ‘दोनदोनने वाढणारे सम आकडे’. मग त्यांनी ८, १०, १२ विचारलं, २०, २२, २४ विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर ‘बसतात’. खरा नियम होता, ‘चढत्या क्रमाने कुठलेही तीन आकडे’. आपली कल्पना मोडू शकेल असा ५, ६, ९० सारखा प्रश्न विचारायचं फार थोड्यांना सुचलं. मेफिस्टोच्या शोधात निघालेल्यांनी ८, १०, १२ विचारलं. दोन काळांची थिअरी मांडणाऱ्यांनी ५, ६, ९० विचारलं.

इतक्या चाहत्यांनी एकत्र डोकं लावल्यावर ‘जमावाचं शहाणपण’ आठवतंच. फ्रान्सिस गाल्टन यांचं १९०७ मधलं उदाहरण प्रसिद्ध आहे: प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचं वजन ओळखायच्या स्पर्धेतली ७८७ तिकिटं त्यांनी तपासली. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन होतं ११९८. मला मात्र ही तुलना इथे बसत नाही असं वाटतं. गाल्टन यांच्या जमावात सगळ्यांच्या चुका एकमेकींना छाटतात आणि मधला आकडा खरा ठरतो. मालिकेच्या चाहत्यांमध्ये मधल्या मताला काही किंमत नसते. हजारोंमधल्या एकाने ते चिन्ह पाहिलं तरी पुरतं, कारण त्याने दाखवल्यावर बाकीचे स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेऊ शकतात. कूटप्रश्न सोडवणं अवघड, सुटलेला तपासणं सोपं, या प्रकारातलं हे काम आहे. इथे जमावाची ताकद त्याच्या सर्वांत तीक्ष्ण नजरेइतकी असते.

अंदाजाची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या १४४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, इतरांचे अंदाज कळल्यावर विद्यार्थ्यांचे अंदाज एकमेकांच्या जवळ सरकले. अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. वाढला तो आत्मविश्वास. एखादी थिअरी चार ठिकाणी ऐकली की ती चार स्वतंत्र माणसांना सुचली असं वाटतं. प्रत्यक्षात ती एकालाच सुचलेली असते आणि तिघांनी ती ऐकलेली असते.

लोक हे सगळं इतक्या आवडीने का करतात? उत्तराचा एक भाग कॅल्टेक या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात २००९ साली झालेल्या अभ्यासात आहे. सहभागी लोकांना सामान्यज्ञानाचे ४० प्रश्न दिले होते. उत्तर अजिबात ठाऊक नसलेल्या प्रश्नांबद्दल कुतूहल कमी होतं, पक्कं ठाऊक असलेल्यांबद्दलही कमी होतं. ते सर्वांत जास्त होतं मधल्या प्रश्नांबद्दल, जिथे उत्तर येतंय येतंय असं वाटत असतं. चांगली मालिका प्रेक्षकाला या मधल्या पट्ट्यातच ठेवते, आणि आठवड्याला एकच भाग दाखवला तर त्या पट्ट्यात सात दिवस राहता येतं. सगळे भाग एका रात्रीत पाहणाऱ्याला तर्क लढवायला वेळच मिळत नाही.

दुसरा भाग मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून कळतो. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी (बक्षिसाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी) जोरात प्रतिसाद देतात. रसाआधी दर वेळी दिवा लागू लागला की काही दिवसांनी त्या पेशी दिव्याला प्रतिसाद देतात आणि रसाच्या वेळी शांत राहतात. मालिका पाहणाऱ्याच्या मेंदूत नेमकं हेच घडतं असा माझा दावा नाही. पण ‘आधीच ओळखल्यामुळे मजा गेली’ ही तक्रार ऐकली की मला तो दिवा आठवतो. शेवटच्या भागातला धक्का फिका पडला असेल, पण ज्या रात्री दोन चिन्हं शेजारी ठेवल्यावर ते लखकन उमगलं, त्या रात्रीचं काय? आनंद फक्त आधीच्या तारखेला सरकला.

ही तक्रार लेखक मंडळीही मनावर घेतात आणि चाहत्यांना चकवण्यासाठी गुंतागुंत वाढवायला निघतात. तिथेच घोटाळा होतो. जेफ्री इली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनित्सा या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये उत्कंठा आणि आश्चर्य यांचं गणित मांडलं. प्रेक्षक बेज यांच्या रीतीने विचार करतो असं त्यांनी धरलं. अशा प्रेक्षकाला एखाद्या शक्यतेची आज ३० टक्के खात्री असेल, तर उद्याच्या भागानंतर ती वाढेल किंवा घटेल, पण सगळ्या शक्यतांची सरासरी ३०च येईल. ती वाढणारच आहे हे आज ठाऊक असतं, तर त्याने ती आजच वाढवली असती. याचा अर्थ असा, की दर सीझनच्या शेवटी सगळं उलटंपालटं करणारी मालिका प्रेक्षकाला उलथापालथीची सवय लावते, आणि मग उलथापालथीत आश्चर्य उरत नाही. धक्का हा मोजकाच देता येतो.

आइन्स्टाइन निसर्गाबद्दल म्हणत, की परमेश्वर चतुर आहे, पण दुष्ट नाही. मालिकेच्या लेखकाकडून मला एवढंच हवं असतं. ‘डार्क’ या जर्मन मालिकेच्या लेखकांनी ते पाळलं. तिथल्या काळप्रवासाच्या उड्या ३३ वर्षांच्या. दुसऱ्या सीझनमध्ये २०२०, १९८७, १९५४ आणि १९२१ ही वर्षं दिसली. ज्याने आणखी एकदा ३३ वजा केले त्याला १८८८ मिळालं, आणि तिसऱ्या सीझनमध्ये १८८८ आलं. या हिशेबाने रहस्य संपलं नाही. उलट, या जगाला नियम आहेत याची खात्री पटली, म्हणून तर पुढचा विचार करावासा वाटला. ट्विस्ट कुणालाच ओळखता आला नाही ही फुशारकी मला पटत नाही. पुरावे समोर ठेवले असतील तर कुणीतरी ते जोडणारच.

शेवटी चाहत्यांसाठी एक सूचना. रहस्य उघड झाल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं प्रत्येकालाच वाटतं. १९७२ मध्ये निक्सन यांच्या चीन आणि मॉस्को दौऱ्यांआधी लोकांनी केलेले अंदाज बारूख फिशहॉफ आणि रूथ बायथ यांनी नंतर त्यांना आठवायला सांगितले. जे घडलं होतं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना आठवत होतं. म्हणून अंदाज तारखेसह आणि टक्क्यांत लिहून ठेवावा, आणि हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांच्या १९५० मधल्या रीतीने तपासावा: घडलं तर १, नाही घडलं तर ०, त्यातून आपली शक्यता वजा करायची आणि उत्तराचा वर्ग करायचा. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. ‘मेफिस्टो येणार, साठ टक्के’ असं लिहिणाऱ्याच्या नावावर ०.३६ लागले असते. ‘शंभर टक्के’ लिहिणाऱ्याच्या नावावर पूर्ण १.