डोंगल टेबलावर, ड्रायव्हर सर्व्हरवर: थिन क्लायंट आणि यूएसबीची जुनी भानगड

थिन क्लायंटवाल्या ऑफिसात (टेबलावर नुसता छोटा डबा, खरं काम चालतं दूरच्या सर्व्हरवर) ही तक्रार ठरलेली, डोंगल (यूएसबीत लावायचं छोटं यंत्र) खोचलंय, त्याचा लाइट पण लागतोय, तरी सॉफ्टवेअर म्हणतंय डिव्हाइस सापडत नाही. बरोबरच आहे, सॉफ्टवेअर चालतंय सर्व्हरवर आणि डोंगल लावलंय टेबलावरच्या डब्याला.

जुन्या टर्मिनलच्या जमान्यात एवढी डोकेदुखी नव्हती, बऱ्याच टर्मिनलना मागे प्रिंटरचं पोर्ट असायचं, सर्व्हरकडून अक्षरं यायची आणि टर्मिनल ती तशीच प्रिंटरकडे ढकलायचं, ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे काही भानगडच नाही.

गडबड सुरू झाली ९०च्या दशकात. १९९५ ला सिट्रिक्सचं विनफ्रेम आलं (एकाच सर्व्हरवर अनेकांना विंडोज वापरू देणारं सॉफ्टवेअर), १९९८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४ ची टर्मिनल सर्व्हर एडिशन काढली, म्हणजे कॉम्प्युटर टेबलावरून उचलून सर्व्हर रूममध्ये गेला. आणि नेमकं त्याच सुमारास, जानेवारी १९९६ मध्ये, यूएसबी १.० आलं (इंटेलच्या ज्या टीमने ते केलं त्यात बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते), ज्यात गृहीतच धरलंय की कॉम्प्युटर शेजारीच आहे. यूएसबीमध्ये डिव्हाइस स्वतःहून बोलत नाही, कॉम्प्युटर सारखा विचारत राहतो आणि उत्तर अगदी थोड्या वेळात यावं लागतं, केबल पण जेमतेम ५ मीटर. मधे नेटवर्क घातलं की हे सगळं गणित बिघडतं.

मग दोन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे डिव्हाइस डब्यालाच समजू दे, पुढे फक्त कामाचं तेवढं पाठव. विंडोज २००० च्या आरडीपीत (दूरच्या विंडोज मशीनवर काम करायची मायक्रोसॉफ्टची सोय) प्रिंटर असा जायला लागला, एक्सपीच्या वेळी ड्राइव्ह, कॉम पोर्ट, स्मार्ट कार्ड, म्हणजे पेनड्राइव्ह उघडतो डबाच, सर्व्हरला नुसत्या फाइली दिसतात. दुसरी वाट म्हणजे यूएसबीचं बोलणंच पॅकेटात भरून जसंच्या तसं सर्व्हरला पाठवायचं. जपानमधल्या नारा इन्स्टिट्यूटच्या ताकाहिरो हिरोफुची यांनी यूएसबी/आयपी केलं, २००५ ला त्यावर पेपर आला, लिनक्स कर्नलच्या स्टेजिंगमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या जागी) ते कित्येक वर्षं पडून होतं आणि ३.१७ मध्ये, २०१४ ला, एकदाचं बाहेर आलं. मायक्रोसॉफ्टने तेच काम २०११ ला विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅकबरोबर रिमोटएफएक्स नावाच्या आरडीपीच्या जोडसुविधांमध्ये दिलं.

दुसरी वाट ऐकायला भारी वाटते पण वेबकॅम लावून बघा. ६४० बाय ४८०, सेकंदाला ३० फ्रेम, एका पिक्सेलला २ बाइट, हिशोब जातो १४७ एमबीपीएसच्या आसपास, १०० एमबीपीएसच्या लॅनवर बसणारच नाही. म्हणून कॅमेरा आणि हेडसेट आजही पहिल्याच वाटेने नेलेले बरे.

वायरलेसचं तुलनेने सोपं. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला माउस डब्याला साधा माउसच वाटतो, ब्लूटूथ हेडसेट डब्याशीच पेअर होतो आणि पुढे नुसता आवाज जातो. सर्टिफाइड वायरलेस यूएसबी नावाचं पण एक प्रकरण होतं, ३ मीटरवर ४८० एमबीपीएस वगैरे, ते बाजारात चाललंच नाही.

आपल्याकडे खरा घोळ होतो डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) आणि अंगठ्याच्या मशीनवर. टोकन सर्व्हरलाच खोचून ठेवलं आणि आरडीपीने आत गेलं तर ते सहसा दिसतच नाही, कारण टोकन म्हणजे एक स्मार्ट कार्डच, आणि सेशन ते शोधतं तुमच्या बाजूला, बरेच जण इथेच फसतात आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. आधारचं तर अजूनच वेगळं, २०१७ पासून रजिस्टर्ड डिव्हाइस (आधारसाठी नोंदवलेलं मशीन) लागतं, त्याची आरडी सर्व्हिस (त्या मशीनबरोबरचं सॉफ्टवेअर) ब्राउझर १२७.०.०.१ वर, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर तो चालतोय त्याच्यावरच, १११०० ते १११२० या पोर्टांत शोधतो, आणि ब्राउझर सर्व्हरवर असेल तर तो १२७.०.०.१ म्हणजे सर्व्हरच. तिथे मशीन अख्खं यूएसबी रीडायरेक्ट करून सर्व्हरवर न्यावं लागतं, नाहीतर सरळ त्या एका टेबलावर साधा पीसी ठेवायचा, बरीच ऑफिसं शेवटी हेच करतात.