गुण आला म्हणजे नेमकं काय आलं?

आत्याला शुगर निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, ‘गोड बंद करा’ म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाईनं मात्र तिला पाऊण तास दिला. मेथीदाणे रात्री भिजवायचे, सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचं. ‘माझी 280 व्हती, महिन्यात 190 वर आली. लई गुण आला बघा.’ अंबाजोगाईहून गावी परतताना आत्याच्या पिशवीत अर्धा किलो मेथी होती. गोळ्या पंधराच दिवसांच्या.

याला अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो, पण ते खरं नाही. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा जगभरातला आढावा 2017 साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला होता. भारताच्या वाट्याला त्यात सरासरी दोनेक मिनिटं होती. दर महिन्याला दवाखाना केला तरी वर्षाची झाली चोवीस मिनिटं. वर्षात तास असतात 8,760. मधुमेह सांभाळायचा असतो तो या उरलेल्या तासांत: पंगतीत बुंदी वाढली जाते तेव्हा, एकादशीला साबुदाणा समोर येतो तेव्हा, ऊसतोडीच्या फडावर गोळ्या संपतात तेव्हा. प्रश्न तिथं पडतो, आणि तिथं जो हाताशी असेल त्यालाच माणूस विचारतो. मेडिकलवाला, आशाताई, पुण्याला नोकरीला असलेला भाचा, नाहीतर मोबाइलवरचा कुणीतरी. या सगळ्यांत बाकड्यावरची बाई उजवी ठरते. तिला उलटा प्रश्न विचारता येतो, आणि तिच्या घरी आपल्यासारखीच भाकरी थापली जाते.

अडचण तिच्या ‘गुण आला’ या पुराव्यात आहे. शुगर सगळ्यात जास्त चढते तेव्हाच माणूस नवा उपाय धरतो. तो आकडा टोकाचा असतो. ताप, जागरण, लग्नातलं जेवण असं काहीतरी त्या दिवशी जुळून आलेलं असतं. पुढच्या तपासणीत तो बहुधा आपोआपच थोडा खाली येतो. फार उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1886 साली दाखवलं, त्यातलीच ही गोष्ट. मधल्या काळात मेथी प्यायली तर श्रेय मेथीला, कारलं प्यायलं तर कारल्याला. मेथीतल्या चोथ्यामुळे जेवणानंतरची साखर जरा हळू चढते, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. गोळीची जागा मात्र ती घेत नाही. आणि ती बाई गोळ्याही घेतच असणार. दवाखान्याच्या बाकड्यावर ती उगाच बसली नव्हती.

त्यात यंत्राचा घोळ. घरी वापरायच्या ग्लुकोमीटरचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात 100 च्या वरचं माप 15 टक्क्यांनी इकडंतिकडं झालेलं चालतं. म्हणजे खरी शुगर 180 असताना यंत्रानं 155 दाखवली काय किंवा 205 दाखवली काय, यंत्र पासच. 20 अंकांच्या फरकावर औषध ठरवू नये ते यासाठी. जालन्याची मोसंबी सोलून हात न धुता बोट टोचलं, तर बोटाला लागलेली साखरही मोजली जाते आणि आकडा भलताच फुगतो.

म्हणून ‘तीन महिन्यांची’ तपासणी, एचबीए1सी. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य पाळून हा आकडा फसत नाही. 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. पण यालाही एक खोट आहे, आणि ती आपल्याकडे फार महत्त्वाची: अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. रिपोर्ट दाखवताना ‘माझं रक्त कमी आहे’ हे आपण होऊन सांगायला हवं. दोन मिनिटांत ते कुणी विचारेलच असं नाही.

भाकरीबद्दल बोललं की मराठवाड्यात लोक नाराज होतात, तरी बोलतो. ‘ज्वारीनं शुगर वाढत नाही’ हे खरं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत 68 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे गव्हापेक्षा कमी नाहीतच. ज्वारीतला स्टार्च जरा सावकाश पचतो, एवढं तिच्या बाजूनं. पण ‘भाकरी चालते’ ऐकून दोनाच्या चार झाल्या की तो फायदा गेला. गुळाचं तर विचारूच नका. तो मुख्यतः साखरच आहे, रंग वेगळा.

अर्धवट पोचलेली माहिती कधी जिवावर येते. गोळी घेतली आणि उपास धरला की काहींची शुगर 70 च्या खाली जाते. घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढं अंधारी. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, पडून राहा. खरं तर माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची असते. पण ‘गोड बंद’ सांगितलेल्या माणसाच्या तोंडात साखर घालायला कुणाचा हात धजत नाही.

आत्याचे यजमान, आमचे मामा, वेगळ्याच पंथाचे. ‘तपासलं की निघतंय, तर तपासूच नये.’ सुझान मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1987 साली माणसांचे असे दोन कल मोजायची प्रश्नावली केली होती: धोक्याची प्रत्येक खूण शोधत राहणारे आणि नजर फिरवणारे. नजर फिरवणाऱ्यांना जास्त माहिती दिली की ते आणखी दूर पळतात. मामांना आकडे सांगून उपयोग झाला नाही. तिशीपुढच्यांची तपासणी असते म्हणून आशाताई दारात आल्या, ‘बीपी बघते नुसतं’ म्हणाल्या, आणि बोलता बोलता बोटही टोचलं.

आत्याला आशाताईंनीच एक वही करायला लावली. तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची, काय खाल्लं, गोळी घेतली का. मेथीचं पाणी ती अजून पिते. मागच्या भेटीत तिनं ती वही डॉक्टरांपुढं उघडून ठेवली, तेव्हा तिला सात मिनिटं मिळाली. मी घड्याळ लावलं होतं.